ध्येयांची मोजदाद



वरोरा हें चंद्रपूर जिल्ह्यांतलें, रेल्वेच्या मार्गावरचें एक लहानसें गांव. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें तेथें एक तरुण वकील राहत असे. वडील जवळच्याच गोरजें गांवचे जमीनदार. तारुण्याच्या भरांत या गृहस्थापाशीं स्वतःची मोटार होती आणि तिच्या बैठकींवर बिबळ्याचें कातडें चढविलेलें होतें. इंग्रजी सिनेमांवर तो परीक्षणें लिही. ग्रेटा गार्बो व नॉर्मा शिअरर या नट्यांशीं त्याचा पत्रव्यवहार होता. पुढें वकिलीही बरी चालली. त्या दिवसांत एखाद्या प्राध्यापकानें त्याच्या हातांत छापील कागद ठेवून विचारिलें असतें, "संपत्ति, कीर्ति, रूप, स्नेह, समाजसेवा, यांपैकीं कोणती गोष्ट आपणांस किती महत्त्वाची वाटते, तेवढें एक ते सात या आंकड्यांत सांगा," तर त्यानें कोणत्या आंकड्यावर खूण केली असती? तर्क करण्यास फारसा आधार नाहीं. परंतु १९५१ सालीं हाच मनुष्य पत्नी व दोन तान्हीं मुलें घेऊन, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय व गांठीचे चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ माळावर विहीर खणीत होता, हें मात्र सर्वांस ठाऊक आहे. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, यांचा हा वृत्तान्त.

तरुणांचीं जीवनध्येयें मोजण्याचें एक शास्त्र गेल्या शंभर वर्षांत उदयास आलें आहे. विश्वविद्यालयांतले विद्यार्थी हे त्या शास्त्राचें आवडतें क्षेत्र. एक तर ते हाताशीं सांपडतात, आणि दुसरें म्हणजे आयुष्याची वाट निवडण्याच्या ऐन वेळीं सांपडतात. त्या शास्त्राची हकीकत सांगावी, आणि चांद्याच्या व गडचिरोलीच्या जंगलांत नेऊन तें घासून पाहावें, असा आजच्या भाषणाचा बेत आहे.

मोजपट्टी निघण्यापूर्वीं माणसें ध्येयें मोजीत नव्हतीं असें मात्र समजूं नये. आपल्याकडे धर्म, अर्थ, काम व मोक्ष असे चार पुरुषार्थ फार पूर्वींच मांडून ठेवलेले आहेत. त्यांची एकमेकांशीं तुलना करणें आणि कोणाला कोठें आवरावें हें सांगणें हा आमच्या शास्त्रकारांचा नित्याचा उद्योग होता. परंतु नव्या विद्येच्या काळांत महाराष्ट्रानें जें माप वापरलें, तें याहून पुष्कळच रोखठोक होतें. तें म्हणजे पगाराचा आंकडा. गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजांत एम्. ए. चा अभ्यास करीत असतांना त्यांनीं आपल्या आईला लिहिलेलें पत्र घरोघरीं माहीत आहे. मोठमोठ्या परीक्षा देणाऱ्या मुलाला आतां मोठ्या पगाराची चाकरी मिळेल अशी आशा तूं धरूं नकोस. पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून मी सर्व वेळ परहितांत घालविणार आहें, असा त्याचा आशय. १८८० च्या पहिल्या जानेवारीस न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या आजीव सभासदांनीं दरमहा पाऊणशें रुपयांवर वीस वर्षें काम करण्याची शपथ घेतली. गोखल्यांनीं व कर्व्यांनीं ती शपथ शेवटपर्यंत पाळली. त्या काळीं पदवीधरास सरकारी चाकरींत याच्या कितीतरी पट मिळूं शकत असे. जें मिळूं शकलें असतें आणि जें पत्करलें, त्यांतला फरक म्हणजे त्या माणसाच्या ध्येयाची किंमत, असें म्हटलें तर शास्त्रीय दृष्ट्याही तें अगदींच वावगें होणार नाहीं. १९२० च्या डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसनें असहकारावर शिक्कामोर्तब केल्यावर कॉलेजें सोडून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचेंही मोजमाप असेंच झालें. फक्त त्यांनीं सोडलेली रक्कम कोणी वहींत लिहून ठेविली नाहीं.

कागदी मोजपट्टीची कथा जर्मनींत सुरू होते. एडुआर्ड श्प्रांगर या तत्त्वज्ञानें १९१४ मध्यें माणसांचे सहा नमुने मांडले. कोणी ज्ञानाच्या मागें, कोणी अर्थाच्या, कोणी सौंदर्याच्या, कोणी स्नेहाच्या, कोणी सत्तेच्या, तर कोणी ईश्वराच्या मागें लागलेला असतो, असें त्याचें म्हणणें. श्प्रांगरनें एवढ्यावर थांबून ग्रंथ लिहिला. अमेरिकेंत मात्र नमुना दिसला कीं त्याचे गुण द्यावे लागतात. १९३१ सालीं गॉर्डन ऑलपोर्ट व फिलिप व्हर्नन यांनीं या सहा नमुन्यांची परीक्षा तयार केली. तींत दोन पर्याय समोर ठेवून विद्यार्थ्याला तीन गुण दिलेले असत. सगळे तीन एकाला द्यावे, किंवा दोन व एक असे वांटावे, एवढीच मुभा. अर्थाला जास्त दिले तर ज्ञानाला कमी पडणार. मनुष्याच्या आयुष्यांतही वेळ व शक्ति हीं अशींच मोजून मिळालेलीं असतात. त्यामुळें ही युक्ति मला आजही मोठी मार्मिक वाटते. पुढें अमेरिकन कॉलेजांत ही परीक्षा कित्येक दशकें वापरांत होती.

तितकीच ठळक गोष्ट १९६६ मध्यें सुरू झालेल्या एका पाहणीची आहे. अलेक्झांडर ॲस्टिन यांच्या पुढाकारानें अमेरिकेंत कॉलेजांत पहिलें पाऊल टाकणाऱ्या लक्षावधि विद्यार्थ्यांना दरसाल तेच प्रश्न विचारले जाऊं लागले. आयुष्याविषयीं कांहीं अर्थपूर्ण तत्त्वज्ञान बनविणें हें १९६० च्या दशकाच्या अखेरीस शेंकडा ऐशींहून अधिक विद्यार्थ्यांना अत्यंत महत्त्वाचें वाटे. खूप श्रीमंत होणें निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांना तसें वाटे. वीस वर्षें लोटलीं आणि पारडें पुरतें फिरलें. १९८० च्या दशकाच्या अखेरीस श्रीमंतीचा आंकडा शेंकडा पंचाहत्तरांच्या आसपास चढला व तत्त्वज्ञानाचा निम्म्याच्याही खालीं उतरला. ही पिढी लोभी निघाली, असा पुकारा तेथील वृत्तपत्रांनीं केला. त्यांनीं हेंही पाहावयास हवें होतें कीं पहिली पिढी भरपूर नोकऱ्यांच्या काळांत कॉलेजांत आली होती आणि दुसरी महागाईनें व बेकारीनें भाजून निघालेल्या घरांतून. भरल्या पोटीं तत्त्वज्ञान सुचतें, हें आपणांस अमेरिकेकडून शिकण्याचें कारण नाहीं.

आतां मुख्य मोजपट्टीकडे वळूं. न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर विश्वविद्यालयांत एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन हे दोन मानसशास्त्रज्ञ मनुष्याच्या प्रेरणेचा अभ्यास करीत होते. त्यांचा सिद्धान्त असा कीं, आपलें कृत्य आपण स्वेच्छेनें करीत आहों ही जाणीव, आपल्याला कांहीं येतें हा विश्वास आणि आपलीं माणसें आहेत हा आधार, या तीन गोष्टी मनाला अन्नासारख्या लागतात. याच विचारांतून टिम कॅसर व रायन यांनीं १९९३ व १९९६ सालीं आपले निबंध प्रसिद्ध केले आणि आकांक्षा मोजण्याची एक पट्टी जगापुढें ठेविली. त्यांनीं ध्येयांचे दोन ढीग पाडले. स्वतःची वाढ, जिव्हाळ्याचीं नातीं व समाजाच्या उपयोगीं पडणें हीं आंतरिक ध्येयें. कारण तीं साधतांना मनाची भूक थेट भागते. संपत्ति, कीर्ति व दिसण्याची वाहवा हीं बाह्य ध्येयें. कारण त्यांचें फळ दुसऱ्याच्या डोळ्यांत किंवा दुसऱ्याच्या हातांत असतें. आरोग्याला त्यांनीं निराळें आसन दिलें.

पट्टीची रचना साधी आहे. प्रत्येक सदराखालीं पांच विधानें; आणि प्रत्येक विधानाला तीन प्रश्न. हें तुम्हांला किती महत्त्वाचें वाटतें, तें साध्य होण्याचा संभव किती, आणि आजवर किती साधलें आहे? उत्तर एक ते सात. यानंतर जी क्रिया करितात ती ध्यानांत घेण्याजोगी आहे. समजा, एका विद्यार्थ्यानें उत्साहाच्या भरांत सगळीकडे सातच सात लिहिले. त्याची सरासरी सात; समाजसेवेचे सातांतून सात वजा केले म्हणजे हातीं शून्य राहतें. दुसऱ्या कोणी समाजसेवेला पांच, संपत्तीला तीन असे हात राखून लिहिले आणि त्याची सरासरी चार आली. तर त्याच्या समाजसेवेला अधिक एक व संपत्तीला उणें एक. आंकड्यांत पहिला मोठा, परंतु कल दुसऱ्याचा स्पष्ट. थोडक्यांत, ही पट्टी इच्छेचा आकार मोजीत नाहीं, तिचा उतार मोजते. सभेंत सर्वच थोर गोष्टींना टाळ्या पिटणाऱ्या आपल्या समाजाला ही वजाबाकी फार उपकारक आहे.

निष्कर्ष काय निघाले? ज्यांचा कल पैशाकडे व कीर्तीकडे झुकलेला, त्यांच्यांत उत्साह कमी, चिंता व खिन्नता अधिक; आंतरिक ध्येयांकडे झुकलेल्यांत उलट. सिंगापूरांत व्यापारविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची पाहणी २००२ मध्यें प्रसिद्ध झाली. जेथें सगळें वातावरणच पैशाच्या ध्येयाला अनुकूल, तेथेंही फळ तेंच दिसलें. २००५ सालीं पंधरा संस्कृतींतील १,८५४ विद्यार्थ्यांची पाहणी आली. तींत भारतीय विद्यार्थीही होते. ध्येयांची मांडणी, म्हणजे कोणतें ध्येय कोणाच्या शेजारीं बसतें आणि कोणाच्या विरुद्ध टोंकाला, ही सर्वत्र जवळजवळ सारखीच आढळली. त्याहूनही विलक्षण म्हणजे २००९ मधील अभ्यास. पदवीधरांचा विश्वविद्यालय सोडल्यानंतर कांहीं काळ माग काढला, तेव्हां आंतरिक ध्येयें साधलेलीं माणसें अधिक प्रसन्न दिसलीं. बाह्य ध्येयें साधलेलीं मात्र तशीं दिसलीं नाहींत. म्हणजे मिळालें नाहीं म्हणून दुःख, एवढाच हा प्रकार नव्हे. मिळूनही सुख उगवलें नाहीं. अर्थात् खिन्न मनुष्य पैशाच्या मागें लागतो कीं पैशाच्या मागें लागून मनुष्य खिन्न होतो, हा वाद अशा पाहण्यांनीं सर्वस्वी मिटत नाहीं.

ही पट्टी घेऊन आतां आपण वैनगंगा ओलांडूं. चांदा जिल्ह्याचें विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. १४,४१२ चौरस किलोमीटर एवढा विस्तार, त्यांतला तीन चतुर्थांश वनाखालीं. २०११ च्या खानेसुमारींत लोकसंख्या दहा लाख बहात्तर हजारांच्या घरांत, आणि शंभरांतले अडतीस-एकोणचाळीस लोक आदिवासी. १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विश्वविद्यालयाच्या छत्राखालीं या भागांतील महाविद्यालयें कित्येक दशकें होतीं. २०११ च्या सप्टेंबरांत गोंडवाना विद्यापीठ वेगळें झालें. मुख्य ठाणें गडचिरोलीस आणि कार्यक्षेत्र चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे. एकीकडे कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र, बल्लारपूरचा कागदकारखाना. दुसरीकडे तेंदूपानें, बांबू व मोहाचीं फुलें. या दोहोंच्या मधल्या घरांतून येणारीं मुलें त्याच्या वर्गांत बसतात. पुष्कळांच्या घरांत पदवीचा कागद प्रथमच येत असतो. पहाटे गडचिरोलीच्या रस्त्यांनीं फिरायला निघालें तर पोलीस-भरतीसाठीं धांवणारीं मुलें व मुली हमखास भेटतात. दिवसा तींच मुलें वाचनालयांत स्पर्धापरीक्षांचीं पुस्तकें पुढ्यांत घेऊन बसलेलीं दिसतील.

अशा एखाद्या धांवणाऱ्या मुलीच्या हातांत रॉचेस्टरचा कागद द्या. नियमित पगार, पक्कें घर, बापाचें कर्ज फेडण्यापुरता पैसा, हें सारें ती संपत्तीच्या सदरांत लिहिणार आणि त्यापुढें सात आंकडा घालणार. पट्टी म्हणेल, हिचा कल बाह्य ध्येयाकडे. परंतु हें अनुमान न्यायाचें होईल काय? कॅसर-रायन यांच्या विधानांत श्रीमंतीची हांव विचारलेली आहे, भाकरीची विवंचना नव्हे. आणि उत्तर देणाऱ्याला तो भेद नेमका दिसतोच असें नाहीं. गरज कोठें संपते व हांव कोठें सुरू होते, ही रेघ प्रथम आंखावी लागेल.

ती रेघ आंखण्याचा एक खटाटोप याच विदर्भांत झालेला आहे. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रांत शेतमजुराची किमान मजुरी चार रुपये ठरली होती. तिच्या मुळाशीं वि. स. पागे यांच्या समितीचा अहवाल होता. वर्धा जिल्ह्यांत काम करणारे अभय बंग हे तरुण डॉक्टर तो अहवाल घेऊन बसले आणि त्यांनीं त्यांतल्या चुका एकामागून एक काढल्या. कष्ट करणाऱ्या देहाला अन्न किती लागतें, एका मजुराच्या मिळकतीवर किती तोंडें अवलंबून असतात, या सर्वांचा हिशेब त्यांनीं पुनः मांडला. त्यांचें उत्तर आलें बारा रुपये. पुढें सरकारनें मजुरी वाढविली. या गोष्टीचा ध्येयमापनाशीं काय संबंध, असें कोणास वाटेल. संबंध असा कीं चार रुपयांत राहणाऱ्याला बारा रुपये हवेसे वाटले तर त्याला बाह्य ध्येयाचा रोग जडला असें म्हणणारी पट्टी त्या चुकलेल्या अहवालाच्याच जातीची ठरेल. बारांच्या वर जें मागितलें जाईल त्याचा उतार खुशाल मोजावा.

हे अभय बंग सेवाग्रामच्या वातावरणांत वाढलेले. शाळकरी वयांत ते व त्यांचे वडील बंधु एकदां सायकलीवरून जवळच्या पिपरी गांवीं गेले होते. आतां आपण मोठे झालों, आयुष्यांत काय करावयाचें तें ठरवून टाकूं, असा त्या दोघां मुलांचा वाटेंत विचार झाला. थोरल्यानें शेती सुधारण्याचें आपल्याकडे घेतलें, धाकट्यानें लोकांचें आरोग्य. पुढें नागपुरास वैद्यकीचें शिक्षण झालें, पत्नी राणी बंग यांच्यासह अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विश्वविद्यालयांत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास झाला, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास हें जोडपें गडचिरोलीस येऊन राहिलें. त्यांच्या 'सर्च' या संस्थेनें ३९ गांवांत गांवच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरीं काळजी घेण्यास शिकविलें, तुलनेसाठीं दुसरीं ४७ गांवें निराळीं ठेविलीं, आणि हजारीं ६२ असलेला नवजात बालकांच्या मृत्यूचा आंकडा २५ पर्यंत खालीं आल्याचें १९९९ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत दाखवून दिलें. मोजणें म्हणजे काय असतें याचा तो वस्तुपाठ होता. जें मोजावयाचें तें आधीं नीट ठरवावें, शेजारीं तुलनेचें गांव ठेवावें, आणि मोजणाऱ्यानें वर्षानुवर्षें तेथेंच राहावें.

ध्येयाच्या प्रश्नाला मात्र याच दांपत्यानें निराळ्या बाजूनें हात घातला. २००६ सालीं त्यांनीं 'निर्माण' या नांवाचा उपक्रम सुरू केला. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शोधग्राम आहे. तेथें महाराष्ट्रभरच्या वैद्यकीय, अभियांत्रिकी, कला, शेतकी अशा सर्व शाखांतील निवडक तरुण-तरुणी शिबिरांसाठीं येतात. प्रवेशासाठीं अर्ज आहे, त्यांत प्रश्नही आहेत. पण खरी परीक्षा पुढें. मी कोण, मला काय येतें, माझ्या भोंवतालच्या लोकांची गरज काय, आणि या तिन्हींची गांठ कोठें पडते, हें बोलून व खेड्यांत हिंडून शोधावयाचें; एका शिबिराहून परतून कांहीं काळानें दुसऱ्यास यावयाचें; मधल्या काळांत घरीं राहून कांहीं करून पाहावयाचें. गांधीजींनीं १९३७ मध्यें वर्ध्याच्या परिषदेंत नई तालीम मांडली होती. तिचेंच हें तरुणांसाठीं केलेलें रूप म्हणावें.

याच धर्तीची जुनी शाळा चंद्रपूर जिल्ह्यांत, मूल तालुक्यांतल्या सोमनाथला आहे. बाबा आमट्यांच्या मनांत श्रमिकांचें एक विद्यापीठ काढावयाचें होतें. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथें मे महिन्यांत, म्हणजे चांद्याचा उन्हाळा ऐन भरांत असतांना, कॉलेजच्या मुलामुलींची श्रमसंस्कार छावणी भरूं लागली. सकाळीं कुदळ-फावडें, दुपारनंतर विचार, रात्रीं गाणीं. एक विनोदाची गोष्ट सांगतों. प्रश्नावलींत 'समाजसेवा अत्यंत महत्त्वाची' असें लिहिण्यास पेन्सिलीचें एक टोंक पुरतें. मे महिन्याच्या सोमनाथला हेंच वाक्य फावड्यानें लिहावें लागतें आणि दुसऱ्या दिवशीं हाताला फोड येतात. तिसऱ्या दिवशीं जे कामावर हजर असतात त्यांचा आंकडा मला कोणत्याही सरासरीहून अधिक भरंवशाचा वाटतो. तरीही त्यांतून सर्वच कांहीं कळतें असें नव्हे. मित्रांबरोबर मजा म्हणून आलेला, किंवा आपलें नांव व्हावें म्हणून आलेला विद्यार्थीही तेथें फावडें मारूं शकतो. हेतु पाहावयाचा झाला कीं पुनः प्रश्नावलीकडेच यावें लागतें. आणि इतकें तरी तिला मान्य केलें पाहिजे.

सरकारनेंही नकळत एक मोजपट्टी बनविलेली होती. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून निघालेल्या डॉक्टरानें एक वर्ष सरकारी आरोग्यसेवेंत काम करावें, न केल्यास दंड भरावा, असा महाराष्ट्रांतला करार. २०१० च्या दशकांत एम्. बी. बी. एस्. साठीं ही दंडाची रक्कम दहा लक्ष रुपये होती. पुढच्या पदव्यांसाठीं याच्या कित्येक पट. खेड्यांतल्या दवाखान्यापासून दूर राहण्याची किंमत अशी चक्क छापून दिलेली होती. आगरकरांच्या काळीं न घेतलेला पगार हें माप होतें. सव्वाशें वर्षांनीं भरलेला दंड हें माप झालें. 'निर्माण'च्या कांहीं तरुण डॉक्टरांनीं मात्र ते वर्ष गडचिरोलीच्याच आरोग्यकेंद्रांतून काढलें.

आणखी एक अडचण भाषेची आहे, आणि ती पाहणी करणाऱ्यांच्या ध्यानांत क्वचितच येते. ही पट्टी मराठींत आणतांना 'समाजाच्या उपयोगीं पडणें' असे शब्द योजावे लागतात. परंतु आपल्याकडे 'समाज' शब्दाला दोन अर्थ आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यांत सगळे लोक दिसतात. खेड्यांतला विद्यार्थी 'आमच्या समाजाचा मेळावा' म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत आपली जात किंवा जमात असते. दोघांनींही सात आंकडा घातला तरी दोघांनीं एकच गोष्ट सांगितली असें होत नाहीं. माडिया किंवा गोंडी घरांत बोलणाऱ्या मुलाला तर हा प्रश्न दोन भाषा ओलांडून भेटतो. शिवाय व्यक्तीचें ध्येय निराळें व गांवाचें निराळें, ही कल्पनाच सर्वत्र गृहीत धरतां येत नाहीं. धानोरा तालुक्यांत मेंढा नांवाचें एक गोंडांचें लहान गांव आहे. लेखा गांवाला लागून असल्यानें त्याला मेंढा-लेखा म्हणतात. तेथें ग्रामसभेचे निर्णय बहुमतानें होत नाहींत, सर्वांचें एकमत होईपर्यंत बोलणें चालतें. वनहक्क कायद्याखालीं २००९ मध्यें या गांवाला आपल्या सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून तें स्वतःचा बांबू स्वतः विकूं लागलें. अशा गांवांतल्या तरुणानें बांबूच्या हिशेबाची वही नीट लिहिली तर तें संपत्तीचें सदर कीं समाजाचें? त्याला विचारलें तर तो बहुधा प्रश्नाकडेच जरा नवलानें पाहील.

मोजूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. उलट, आपलीं विद्यापीठें परीक्षेचे निकाल, हजेरी व नोकऱ्या एवढेंच मोजतात. तीन वर्षें आपल्या छत्राखालीं राहिलेल्या मुलाला कशाची ओढ लागली, हें विचारावेंसेंही पुष्कळांना वाटत नाहीं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. गोंडवाना विद्यापीठासारख्या लहान व नव्या विद्यापीठाला तर हें काम फार सोपें आहे. पहिल्या वर्षीं विचारावें, शेवटच्या वर्षीं विचारावें, आणि पांच वर्षांनीं घरीं जाऊन पुनः विचारावें. फक्त गरज व हांव यांचीं सदरें वेगळीं करावीं. 'समाज' शब्दाच्या पुढें कोणाचा समाज तें लिहावयास जागा ठेवावी. आणि कागद गोळा करणारानें चहा पिण्यापुरतें तरी त्या घरीं बसावें.

१९७३ च्या डिसेंबरांत बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे व त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी हीं भामरागडजवळ हेमलकशाला जाऊन राहिलीं. आरंभीं झाडाखालीं दवाखाना, रोगी येईनात, भाषा येईना. १९७६ मध्यें तेथें शाळा निघाली. तिच्यांत पहिल्यानें आलेलीं मुलें अशा घरांतलीं होतीं कीं जेथें पूर्वीं कोणी अक्षर गिरविलेलें नव्हतें. पुढें त्या शाळेंतून डॉक्टर, शिक्षक, वकील, पोलीस निघाले. त्यांच्यापैकीं एक मुलगा माडिया जमातींतला डॉक्टर झाला आणि आपल्याच जिल्ह्याच्या दवाखान्यांत नोकरीस लागला. त्याला पगार मिळूं लागला, नांव झालें, अंगावर चांगले कपडे आले. रात्रीं-अपरात्रीं येणाऱ्या बाळंतिणीशीं तो तिच्याच भाषेंत बोलूं लागला.